फॅमिली रूम

लग्नानंतरच्या तिसऱ्या शनिवारी
मी तिला पुलगावला जेवायला नेलं.
घरी सांगितलं, दात दाखवायचाय.
कोणाचा? मायनं विचारलं.
आम्ही दोघंही एकदमच बोललो:
हिचा. यायचा.

भोजनालयातली फॅमिली रूम म्हणजे
प्लायवूडची तीन खोकी, हिरवे पडदे,
पडद्यांना बोटं पुसल्याचे पिवळे डाग.
आत बसलो तर गुडघ्याला गुडघा लागला.
"कोंदट होते," म्हणत
तिनंच पडदा अर्धा सरकवला,
मग अख्ख्या हॉटेलनं पाहिलं
नवी नवरी पाटवडीचा रस्सा कशी खाते:
डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी,
हात मात्र थांबायला तयार नाही.

त्यानंतर सोळा वर्षं,
वर्षातून एकदा, क्वचित दोनदा.
बायपासच्या ढाब्यावर भाजीत मलई निघाली.
ती चमच्यानं काठाला सारत म्हणाली,
"दुखणाईतासाठी करतेत का हे?"
नागपूरला साळ्याच्या साक्षगंधानंतर
एका काचेच्या हॉटेलात शिरलो.
पाण्याच्या बाटलीचे चाळीस रुपये लावले.
बाटली घरी आणली.
अजून आहे. तिच्यात जवसाचं तेल असते.

मी जिनिंगच्या काट्यावर,
ती शाळेत खिचडी शिजवते.
एकशे बारा पोरं, एक गंज,
डाव धरून धरून तळहाताला पडलेला घट्टा.
म्हणून असेल,
हॉटेलात ती लगेच बसत नाही.
खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहते,
सगळ्या टेबलांवर वाढून झालं का
ते पाहत असल्यासारखी.
"बस ना वं."
"बसतो न."
आणि जेवण झालं की स्वतःचं ताट उचलते.
पोऱ्या धावत येतो, काकू, राहू द्या.
ती सोडत नाही, तो सोडत नाही.
मी बडीशेपेत खडीसाखर शोधत बसतो.

यंदा मार्चात तिचं मानधन आलं,
चार महिन्यांचं एकदम.
"आज माह्याकडून," म्हणाली.
तेच भोजनालय.
पडदे आता मरून.
एका खोक्यात फ्रीज,
एकात मालकाचा नातू झोपलेला,
उरलेलं आमचं.

पडदा सारून रस्स्याची बादली घेऊन आला
तो अंकुश मडावी.
खिचडीच्या रांगेत कायम पहिला,
आधी शेंगदाणे वेचून खाणारा.
"मावशी!"
तिनं हात ताटावर आडवा धरला.
"शाळा?"
"सोडली. दहावीत गेलतो न, मंग..."
त्या मंगच्या पुढे त्यानं पाटवडी वाढली.
एक, दोन, चार.
"बस रे."
"खा न मावशी.
तुम्ही मले कधी बस म्हणू देलं का?"

ती खाऊ लागली.
रस्सा खारट होता त्या दिवशी.
मला कळलं म्हणजे
तिला वासावरूनच कळलं असणार.
बोलली नाही.
ताट पुसून घेतल्यासारखं स्वच्छ केलं,
आणि मग हात मांडीवर ठेवून बसून राहिली.
त्यानं ताट उचललं.
तिनं उचलू दिलं.

बिलात दोनच प्लेटा लिहिल्या होत्या.
तिनं गल्ल्यावर चार प्लेटांचे पैसे मोजले,
मालकाला ऐकू जाईल असं म्हणाली,
"मीच मागून घेतलं. पोराची चूक नाही."

गाडीवर माझ्या मागे बसून
पार कालव्याच्या पुलापर्यंत गप्प.
दोन्हीकडे तुरीची खुटं, उन्हानं पांढरी.
मग कानाजवळ:
"शेंगदाणे नव्हते."
"रश्श्यात कुठं असतेत वं शेंगदाणे?"
"नसतेत," ती म्हणाली.
"त्याले आवडत होते न."